बॅकअप आहे म्हणता? मग चालू करून दाखवा

औशातल्या कुठल्याही आडत दुकानात, कृषी सेवा केंद्रात, झेरॉक्सवाल्याकडे किंवा पतसंस्थेच्या शाखेत जा आणि विचारा, बॅकअप घेता का? उत्तर ठरलेलं आहे. "घेतो की, रोज घेतो." मग गल्ल्याच्या ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह बाहेर निघतो. हरवू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला. आत टॅलीचं एक फोल्डर, धाकटीच्या बारशाचे फोटो आणि 'न्यू फोल्डर ३'. मालक निवांत असतो. मी नसतो. दुसऱ्यांचे हिशेब लिहिणं, जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा माझा धंदा आहे. संगणक बसला की पहिला फोन दुरुस्तीवाल्या पोराला जातो आणि दुसरा मला. तो हमखास महिन्याच्या वीस तारखेला येतो, कारण जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख तीच आणि संगणकाकडं मालकाचं लक्ष जातं तेही त्याच दिवशी.

एकदाचं स्पष्ट सांगून टाकतो. तो लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. ती काही फायलींची नक्कल आहे. बॅकअप तो, जो दुसऱ्या डिस्कवर उतरवला, मशीनला लावला, पॉवरचं बटण दाबलं की तासाभरात कालचं दुकान जसंच्या तसं समोर उभं करतो: तोच डेस्कटॉप, तीच टॅली, तोच प्रिंटर, तीच पट्टी. बाकी सगळं मनाचं समाधान. समाधानावर विवरणपत्र भरता येत नाही. भरता आलं असतं तर मराठवाड्यात एकालाही लेट फी लागली नसती.

"पण महत्त्वाचा डेटा तर आहे ना?" हा पुढचा प्रश्न. या प्रश्नानं माझं डोकं जितकं उठतं तितकं आयकर खात्याच्या नोटिशीनंही उठत नाही. डेटा म्हणजे काय हो? आडत्याच्या संगणकात काय काय असतं ते जरा मोजून बघा. टॅलीत कंपनीचा डेटा असतो हे खरं. पण शेतकऱ्याला द्यायची पट्टी ज्या ढंगानं छापली जाते, हमाली, तोलाई वगैरे वजा होऊन, ती ढब कंपनीच्या डेटात नसते. ती कुण्या प्रोग्रामरनं कधीतरी लिहून दिलेल्या टीडीएल फायलीत असते. ती फाइल टॅलीच्या बॅकअपमध्ये येत नाही. तो प्रोग्रामर आता कुठं आहे, कुणालाच ठाऊक नसतं. मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याचा ड्रायव्हर, त्याला दिलेला अर्ध्या पानाचा साइज, वरून किती जागा सोडायची ते माप. मग निविदा भरणाऱ्याकडं डिजिटल सहीचा टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि सही उमटावी म्हणून कधीकाळी खटपट करून बसवलेली नेमकी जुनी जावा. सेवा केंद्रवाल्याकडं अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस. आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. "पोर्टलचा पासवर्ड काय?" असं विचारलं की मालक म्हणतो, "तो येतो की आपोआप." आपोआप येतो तोपर्यंत येतो. फॉरमॅट मारल्यावर यायचा थांबतो.

मराठीत काम करणाऱ्यांची गत तर याहून बिकट. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फ्लेक्स, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं यांतलं कितीतरी काम अजूनही पेजमेकरमध्ये आणि श्री-लिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉण्टांत चालतं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची. त्या फॉण्टांतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फॉण्ट गेला की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि कंसांची रांगोळी. वर जुन्या पॅकेजना यूएसबीचं कुलूप, म्हणजे डोंगल. तो लावला नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर सुखासुखी बसत नाही. म्हणजे पत्रिकावाल्याची वीस वर्षांची फाइल पेनड्राइव्हवर सुखरूप आहे आणि तरीही वाचता येत नाही. फाइल वाचवली, ती वाचणारं यंत्र फेकून दिलं. अशा माणसानं नुसत्या फायली जपणं म्हणजे तिजोरीची किल्ली सांभाळून तिजोरी भंगारात घालणं आहे.

आता दुरुस्तीवाल्या पोराकडं येतो. त्याला शिव्या घालायला सगळे तयार असतात, मी नाही. त्याचा संवाद मला पाठ आहे. "काका, फॉरमॅट मारावं लागतंय. सी ड्राइव्हला काही हाय का?" काका म्हणतात, "काही नाही, सगळं डी ला हाय." हे धादांत खोटं असतं, पण काकांना ते खोटं आहे हे माहीत नसतं. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. डाउनलोड्स सी वर. आउटलुकची मेल सी वर. ब्राउझरचे पासवर्ड सी वर. पोरगं चार-पाचशे रुपयांत विंडोज टाकतं, ऑफिस टाकतं, व्हीएलसी टाकतं, विनरार टाकतं आणि जातं. पुढं सगळं परत बसवण्यात चार दिवस जातात आणि ते चार दिवस कुणाच्याच बिलात दिसत नाहीत. आडतीच्या हंगामात, तुरीच्या गाड्या दारात असताना, चार दिवस हातानं पट्ट्या लिहिण्याची किंमत काय असते ते औशाच्या मोंढ्यात कुणालाही विचारा. पण त्या पोरानं डिस्क मरायच्या आधी तिची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढून ठेवायचे हजार रुपये मागितले असते, तर हेच काका म्हणाले असते, "कशाला? चालू हाय की."

गंमत अशी की ही गोष्ट आपल्याला वीस वर्षांपूर्वी येत होती. लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत सायबर कॅफे होते तेव्हाची गोष्ट सांगतो. पोरं दिवसभर नाही त्या साइटवर जाऊन मशीन घाण करायची आणि कॅफेवाला रात्री शटर ओढून प्रत्येक मशीनवर घोस्ट मारायचा. न्यूझीलंडच्या मरे हॅझार्ड नावाच्या माणसानं हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि १९९८ साली सिमँटेकनं ते विकत घेतलं. कॅफेवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की एक मशीन नीट बसवायची, तिची इमेज काढायची आणि बाकीच्यांवर ती उतरवायची. सकाळी सगळ्या मशीन नव्या नवरीसारख्या. तो कॅफेवाला बारावी नापास होता. आज ज्यांच्या भिंतीवर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लटकतंय, त्यांतल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी इमेज उतरवून मशीन उठवलं आहे? हात वर करा. मला इथून एकही दिसत नाही.

नुसतं सी ड्राइव्ह उचलून दुसऱ्या डिस्कवर पेस्ट केलं तर का चालत नाही, हेही एकदा समजून घ्या. मला हे करून दाखवणारे महाभाग भेटले आहेत. मशीन चालू होते ती सी ड्राइव्हवरून नव्हे. त्याच्याही आधी डिस्कवर एक छोटा, लपलेला भाग असतो, साधारण शंभर एमबीचा, ईएफआय नावाचा. मदरबोर्ड आधी तिथं जातो, तिथल्या नोंदीत विंडोज कुठं आहे ते वाचतो आणि मग सी ला उठवतो. हा भाग एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, म्हणून तो कुणी कॉपी करत नाही. शिवाय चालू असलेल्या विंडोजनं रजिस्ट्रीच्या फायली धरून ठेवलेल्या असतात, त्या साध्या कॉपीत येतच नाहीत. म्हणून इमेज काढायची तर पूर्ण डिस्कची: लपलेले भाग, त्यांचा क्रम, त्यांच्या ओळखखुणा, सगळ्यांसकट. ती एक तर बाहेरून पेनड्राइव्हवर मशीन उठवून काढायची, नाही तर चालू विंडोजचा क्षणचित्रासारखा ठसा घेणाऱ्या सॉफ्टवेअरनं. 

हे काम विंडोजनं स्वतः करायला हवं होतं. करत होतं. ते कुठं ठेवलंय माहीत आहे? कंट्रोल पॅनेलमध्ये, 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाखाली. विंडोज १० मध्येही विंडोज ७, ११ मध्येही विंडोज ७. मायक्रोसॉफ्टनं २०१७ सालीच जाहीर करून टाकलं की सिस्टीम इमेजचं हे साधन आता आम्ही वाढवणार नाही, पूर्ण डिस्कचा बॅकअप हवा असेल तर दुसऱ्या कंपन्यांकडं जा. जगातली सर्वात मोठी सॉफ्टवेअर कंपनी आपल्या गिऱ्हाइकाला सांगते की आमचं घर जळालं तर विहीर शेजाऱ्याची वापरा. आणि त्यानंतर २०२३ मध्ये तिनंच 'विंडोज बॅकअप' नावाचं नवं ॲप सगळ्यांच्या मशीनमध्ये आणून बसवलं. ते काय करतं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो असली फोल्डरं वनड्राइव्हला पाठवतं, वॉलपेपर लक्षात ठेवतं, कुठली ॲप होती त्यांची यादी ठेवतं. यादी! टॅली होती म्हणून यादीत लिहिलेलं सापडलं, तर टॅली उठते काय? फुकटची जागा पाच जीबी. भरली की महिन्याचे पैसे टाका. याला बॅकअप म्हणायचं तर लग्नातल्या आहेराच्या वहीला बँक म्हणावं लागेल.

ॲपलवाल्यांनी हसू नये. आमच्याकडं मॅक असतात ते बहुतेक लग्नाचे अल्बम करणाऱ्यांकडं आणि त्यांना आपण सुरक्षित आहोत असा भारी भ्रम. मॅकवर कार्बन कॉपी क्लोनर, सुपरडुपर अशी सुंदर साधनं होती, बाहेरच्या डिस्कवर पूर्ण मॅक उभा राहायचा आणि तिथूनच चालायचा. २०१९ च्या कॅटलिनानं सिस्टीम वेगळ्या खोलीत टाकली, २०२० च्या बिग सरनं त्या खोलीला सील ठोकलं आणि एम-१ चिप आल्यावर तर आतली साठवण मेली की बाहेरच्या डिस्कवरूनही मशीन उठत नाही. क्लोनर बनवणाराच आता सांगतो की बूट होणाऱ्या प्रतीच्या भरवशावर राहू नका. सुरक्षेचं कारण आहे, ते खोटंही नाही. पण जिचा आतला तुकडा मेला की सगळी मशीन मेली, ती तुम्ही लाख-दीड लाखाला घेता आणि वर तिचं कौतुक सांगता.

"आमचं दुकान केवढं, आमच्यावर कोण हल्ला करणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी जरा मोठ्या दुकानाची गोष्ट. युक्रेनमध्ये एक हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, एम.ई.डॉक. टॅलीचा तिकडचा चुलतभाऊ समजा. २७ जून २०१७ ला त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचं प्रकरण बाहेर पडलं आणि काही तासांत मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीची जगभरची मशीनं काळी पडली. तिचं एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरात आहे, तेही बंद पडलं आणि केंद्र सरकारला त्यावर निवेदन काढावं लागलं. मर्स्ककडं डेटाचे बॅकअप नव्हते काय? होते. बऱ्याच सर्व्हरांचे तीन ते सात दिवसांपूर्वीपर्यंतचे बॅकअप शाबूत होते. नव्हता तो एकाच गोष्टीचा. कोण माणूस, कुठली मशीन, कुणाला कशाची परवानगी हे सगळं सांभाळणारे जे सर्व्हर असतात, डोमेन कंट्रोलर, त्यांचा. ते जगभर दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक मेला तर दुसऱ्याकडून भरून घेऊ, असा हिशेब. सगळे एका तासात मरतील हे कुणाच्या हिशेबात बसलं नव्हतं. ते मेल्यावर बाकीचा शाबूत डेटा असून नसल्यासारखा.

मग वाचले कसे? लोडशेडिंगनं. घाना देशातल्या त्यांच्या कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तिथला एक डोमेन कंट्रोलर नेटवर्कपासून तुटलेला राहिला आणि वाचला. तिथून तो डेटा इंटरनेटवर पाठवायला दिवस लागले असते, म्हणून डिस्कच विमानानं पाठवायचं ठरलं. घानाच्या माणसांकडं ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एकानं ती नायजेरियाला नेली, विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन इंग्लंडला गेला. पुढच्या दहा दिवसांत त्यांनी ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा बसवले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर. महावितरणला कुणी हे कळवू नये, नाहीतर उद्यापासून वीज घालवणं ही सायबर सुरक्षा म्हणून बिलात लागेल. शिवाय आपल्याकडं ती सोयही नाही, कारण प्रत्येकानं संगणक इन्व्हर्टरवर टाकलेला आहे.

घाना लांब वाटत असेल तर आपल्या राज्यातलं बघा. २०२१ च्या मार्चमध्ये एमआयडीसीवर, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, रॅन्समवेअरचा हल्ला झाला. क्लाउडवरचे सर्व्हर, स्थानिक सर्व्हर, वेगवेगळ्या कार्यालयांतले संगणक, सगळीकडं. महामंडळानं निवेदन काढून सांगितलं की बॅकअपच्या फायली वेगळ्या नेटवर्कवर होत्या आणि त्यांना बाधा झालेली नाही. उत्तम. म्हणजे डेटा वाचला होता. अँटिव्हायरसही होता, त्याचं नावसुद्धा निवेदनात होतं. आणि तरी कामकाज ठप्प झालं. मला कुणाला दोष द्यायचा नाही, त्यांनी निदान बॅकअप वेगळा ठेवला, हे औशातल्या शंभरातल्या नव्वदांपेक्षा बरं. पण फाइल शाबूत असणं आणि खिडकी उघडी असणं यांत किती अंतर असतं ते तिथं दिसलं, आणि त्यातून आपण काय घेतलं? 'संगणकीय माहितीचा बॅकअप नियमित घ्यावा' असलं परिपत्रक. कार्यालयातल्या लिपिकानं ते वाचलं, सही केली आणि पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला.

आता मी जे सांगणार आहे ते या तालुक्यात सांगावं लागतं याची मला लाज वाटते. बॅकअपची डिस्क संगणकाशेजारीच, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. किल्लारी औसा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत लोक झोपले होते, हजारो उठले नाहीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. ज्यांच्या घरात माणसं गेली त्यांच्यासमोर कागदपत्रांचं काही बोलणंही बरं दिसत नाही. पण मागं राहिलेल्यांना पुढं वर्षानुवर्षं कागदच दाखवावे लागले. या तालुक्यात तरी एकाच छताखाली सगळं ठेवणारा माणूस सापडू नये. सापडतो. फक्त सापडत नाही तर डिस्क चोवीस तास संगणकाला लावून ठेवतो, 'विसरायला नको म्हणून'. रॅन्समवेअर आला की तो सी आणि डी बंद करतो आणि लगेच शेजारच्या ई ड्राइव्हवरही जातो. ई ड्राइव्ह बॅकअपचा आहे हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

करायचं काय, ते फार नाही. बाहेरची एक टीबीची हार्ड डिस्क घ्या, पाच हजारांच्या आसपास. एक आठ जीबीचा पेनड्राइव्ह. क्लोनझिला नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या लोकांनी बनवलेलं. त्याचा पडदा बघून पोटात गोळा येत असेल तर रेस्क्यूझिला घ्या, तोच माल बऱ्या कपड्यांत. पेनड्राइव्हवर ते चढवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन खरोखर शटडाउन करा, पेनड्राइव्हवरून मशीन उठवा आणि पूर्ण डिस्कची इमेज काढा. हात थरथरत असतील तर चांगलं आहे: उतरवताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली लक्ष्य यात घोटाळा केलात तर सगळं एका फटक्यात पुसलं जाईल. वाचून वाचून एंटर दाबा. इमेज तिमाहीला किंवा काही नवं बसवलं की लगेच, आणि टॅलीचा डेटा रोज. दोन्ही लागतात. जुन्या इमेजवर कालचा डेटा टाकला की दुकान चालू. मग ती डिस्क काढून घरी न्या, आणि घर दुकानाच्या वरच असेल तर मेव्हण्याकडं. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक बाहेरगावी, हा जो नियम सगळे सांगतात तो पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकारानं घालून दिला, कुण्या शास्त्रज्ञानं नव्हे. फोटोवाल्याला जमलं ते मोंढ्याला जमायला हरकत नाही.

आणि मग ते करा जे कुणीच करत नाही. दुसरी एक एसएसडी घ्या, मूळ डिस्कएवढी किंवा मोठी. मूळ डिस्क खोलून बाजूला ठेवा, इमेज नव्या डिस्कवर उतरवा आणि मशीन चालू करा. दोन्ही डिस्क एकाच वेळी लावून पहिल्यांदा उठवू नका, दोघींची ओळख सारखीच असल्यानं विंडोज गोंधळतं. उठली मशीन? टॅली उघडा. एक पट्टी छापा. पोर्टलवर लॉगिन करा. श्री-लिपीतली एक जुनी पत्रिका उघडून बघा. सगळं चाललं, तर तुमच्याकडं बॅकअप आहे. इथपर्यंत आला नसाल तर तुमच्याकडं एक पाच हजारांची डिस्क आहे, एवढंच. याला रविवारची एक दुपार लागते. तीच दुपार तुम्ही कोणाच्या तरी बारशाला जेवायला घालवता.

"आमचं सगळं गुगलवर हाय" म्हणणाऱ्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही. मर्स्कचे दीडशे सर्व्हरही एकमेकांवर होतेच. इथं फाइल खोडली की ती तिथंही खोडली जाते आणि इथं कुलूप लागलं की ते कुलूप काही मिनिटांत वर चढतं. काही दिवस जुनी आवृत्ती मिळते, मान्य. पण गुगल तुमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बसवून देणार नाही.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून गावागावांत '११ टाकून देतो' ची लाट आली आहे. ज्या मशीनला टीपीएम २.० नाही तिच्यावर युक्त्या करून टाकतात, ज्या मशीनला आहे तिच्यावर पुसून टाकतात. या लाटेत किती टीडीएल, किती फॉण्ट, किती जुन्या जावा वाहून जात असतील याची नोंद कुणी ठेवणार नाही. ११ टाका, खुशाल टाका. आधी १० ची इमेज काढा. ११ पसंत पडलं नाही, प्रिंटर बोलेना, टोकन उघडेना, तर तासाभरात मागं फिरता येतं. पण मागं फिरायचा रस्ता आधी बांधायचा असतो हे सांगितलं की लोक माझ्याकडं असं बघतात, जसा मी त्यांच्या नव्या मशीनला नजर लावतोय.

यंदापासून मी एक नियम केला. ज्याला माझ्याकडून हिशेब करून घ्यायचा आहे त्यानं वर्षातून एकदा माझ्यासमोर इमेज उतरवून मशीन उठवून दाखवायची. काही जण दुसऱ्या सल्लागाराकडं गेले. जाऊ देत, त्यांच्या वीस तारखा आता त्याच्या. जे राहिले त्यांतल्या एका खतवाल्याची परीक्षा परवा घेतली. त्याच्याकडं इमेज होती, विंडोजमधूनच काढलेली, व्यवस्थित. आधी मूळ डिस्क त्यांच्याच दुसऱ्या संगणकाला लावून वाचता येते का ते पाहिलं, कारण मदरबोर्ड जळाला तर करायचं तेच असतं. पडदा निळा झाला आणि बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली. मालक म्हणाले, "आम्ही कुलूप लावलंच नाही." त्यांनी नव्हतं लावलं. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन पडते. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटनं जगभरातली ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली तेव्हा जागोजागचे आयटीवाले हीच किल्ली शोधत फिरत होते. खतवाल्याच्या मशीनवर खातं कुणाचं? भाच्याचं. मशीन त्यानंच सुरू करून दिली होती, दिवाळीच्या सुट्टीत. भाचा पुण्यात. फोन लावला. "मामा, तो ईमेल मी कॉलेजातच बंद केला," तो म्हणाला, "काय करलालाव तुम्ही, मशीन चालू हाय ना?"

मशीन चालू होती. म्हणूनच डिस्क तिच्यात परत बसवली, विंडोजमध्ये जाऊन किल्ली काढली, दोन कागदांवर छापली, एक त्यांच्या पाकिटात आणि एक माझ्या फायलीत लावला. खतवाल्यांनी चहा सांगितला आणि विचारलं, हे लॅमिनेट करून काउंटरवर लावू का, म्हणजे सगळ्यांना दिसंल.